पाचव्या सिलिंडरचा ताप

“चढताना हात आखडायचा नाही, सोवळेबाई. काय काटकसर करायची ती उतरल्यावर कर.”

हे सांगताना रणदिवे सरांनी माझा हात लाल मुठीवरून उचलून माझ्याच मांडीवर ठेवला होता, एखाद्या लहान मुलीचा हात लोणच्याच्या बरणीतून काढावा तसा. आम्ही धुळ्याच्या वर आठ हजार फुटांवर होतो, खाली पांझरेचं पात्र चमकत होतं, आणि मी त्यांच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास होत होते.

ती लाल मूठ म्हणजे इंजिनाच्या पेट्रोलचा ताबा. पुढे ढकलली की धार वाढते, मागे ओढली की कमी होते. मी ज्या छोट्या विमानांवर उडायला शिकले, त्यांत वर जाताना ती हळूहळू मागे घ्यावी लागे, कारण वर हवा विरळ आणि विरळ हवेत पेट्रोल जास्त झालं की इंजिन गुदमरतं. पण आमच्या कंपनीचं विमान वेगळं होतं. उंचावरून जमिनीची छायाचित्रं काढायची, म्हणून त्याच्या इंजिनाला टर्बो लावलेला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरतं आणि ते बाहेरची विरळ हवा दाबून दाबून आत भरतं. त्यामुळे इंजिनाला आपण वर आलो आहोत याचा पत्ताच नसतो. ते जमिनीवर मागतं तेवढंच पेट्रोल शेवटपर्यंत मागतं, उलट थोडं जास्तच. ते जास्तीचं पेट्रोल जळत नाही. आतली उष्णता घेऊन बाहेर पडतं आणि इंजिनाला थंड ठेवतं.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण उंची वाढली की हात आपोआप त्या मुठीकडे जाई आणि ती जरा मागे घेई. पडद्यावर सहा सिलिंडरांचे सहा उभे पट्टे दिसत. पेट्रोल कमी झालं की तापमानाचे ते पट्टे ओळीनं वर सरकू लागत, आणि शेजारून सरांचं खाकरणं ऐकू येई.

“तुझ्या घरी आमटीत डाळ मोजून घालतात का?” त्यांनी एकदा विचारलं.

मी हो म्हटलं, कारण घालत.

“दिसतंच आहे,” ते म्हणाले.

रणदिवे सर आमचे मुख्य वैमानिक. साठीला आलेले, ताठ, मिशा पांढऱ्या. देवळासमोरून जातानाही मान न वळवणारे. मी पहाटे उठून दिवा लावून जप करते, चातुर्मासात न बोलता जेवते, हे त्यांना कळल्यापासून मी त्यांची सोवळेबाई झाले. माझं नाव वैजयंती उपासनी, पण ते नाव त्यांनी फक्त रेडिओवर वापरलं असेल. रेडिओवर माझा आवाज इतका हळू जाई, की समोरून ‘पुन्हा सांगा’ असं हमखास येई. मग सर म्हणत, अगं, देवाला ऐकू जातं म्हणून सगळ्यांना जातं असं नाही.

तरी राग येत नसे. त्यांच्या बोलण्याला काटे होते, पण ते बाभळीचे नव्हते, वांग्याच्या देठाचे होते. जरा जपून धरलं की झालं.

दसऱ्यानंतर हंगाम सुरू व्हायचा होता. पाऊस सरला, आकाश धुऊन निघालं, आता तापीच्या खोऱ्याची छायाचित्रं काढायची. डाव्या खुर्चीत, म्हणजे विमानाची मुख्य म्हणून, मला बसवायचं की हैदराबादहून दुसरा वैमानिक बोलवायचा, ते सरांच्या तिसऱ्या परीक्षेवर ठरणार होतं. सतरा हजार फुटांपर्यंत चढून जायचं, एकही सिलिंडर चारशे अंशांपलीकडे जाऊ द्यायचा नाही. इंजिन बनवणाऱ्यांनी त्याहून जास्त सूट दिली होती, पण सरांच्या राज्यात चारशे म्हणजे चारशे. ती परीक्षा ठरली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या दिवशी एकादशी होती. मी काही बोलले नाही, पण सरांनी पंचांग पाहिलं असावं.

“उपाशी पोटी विमान मिळणार नाही,” ते म्हणाले. “उपासाचं काय असेल ते माझ्यासमोर खायचं.”

दसऱ्याला आम्ही विमानाची पूजा केली. हँगरची सगळी सिद्धता मन्सूरभाईंची. ते आमचे इंजिनीअर, मालेगावचे. शस्त्रपूजेला आपले पाने आणि पकडी घासूनपुसून पांढऱ्या कापडावर मांडणं हा त्यांचा हौसेचा भाग असे. त्यांची अट एकच, की झेंडूची एक पाकळीही विमानात राहता कामा नये. मी पंख्याला माळ घातली, नाकावर हळदीकुंकवाचं बोट लावलं, आरती झाल्यावर माळ काढली, फुलं एकेक वेचून निर्माल्याच्या पिशवीत भरली. मन्सूरभाईंनी ती पिशवी स्वतः तपासली आणि मान डोलावली. सर दारात पाठ करून उभे होते. प्रसादाचा पेढा मात्र त्यांनी मागून घेतला, आणि दुसरासुद्धा.

संध्याकाळी मी दोघांना सोनं दिलं. मन्सूरभाईंनी आपट्याची पानं कपाळाला लावून खिशात ठेवली. सरांच्या पायाला हात लावला तेव्हा ते दोन पावलं मागे सरकले.

“ह्या पाल्याचं मी काय करू? भाजी?”

“सोन्यासारखे राहा, सर,” मी म्हटलं.

“ऐकू आलं नाही.”

मी पुन्हा म्हटलं नाही. त्यांना ऐकू आलं होतं. पानं त्यांनी शर्टाच्या खिशात घातली आणि खिशाचं बटणही लावलं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखीच पहाटे उठले, दिवा लावला, माळ ओढली आणि उजाडायच्या आत हँगरवर पोचले. परीक्षा म्हणून मन्सूरभाईही लवकर आले होते. आम्ही दोघांनी विमान बाहेर ढकललं. मी त्याच्याभोवती फिरून सगळं तपासलं. पंख्याच्या दोन्ही बाजूंना नाकात ज्या मोठ्या खिडक्या असतात, जिथून इंजिन थंड ठेवणारी हवा आत जाते, तिथे बॅटरी मारून पाहिलं. पोकळी रिकामी होती. सिलिंडर काळेभोर अंधारात एकामागे एक बसले होते.

इतक्यात सर आले. एरवी ते घड्याळ लावून येत, आज बरेच आधी आले होते. विमान बाहेर निघालेलं पाहून ते जागीच थबकले, आणि मग नाकाशी जाऊन त्यांनी उजव्या खिडकीत मनगटापर्यंत हात घातला. चाचपलं. रिकामा हात बाहेर काढला, जमिनीवर इकडेतिकडे पाहिलं, मग मन्सूरभाईंकडे पाहिलं. मला वाटलं, मी नीट तपासलं की नाही, ते पाहतायत.

“काही राहिलंय का, सर?”

“काही नाही. खाल्लंस का तू?”

मी डबा उघडला. राजगिऱ्याचा लाडू, केळं आणि उकडलेलं रताळं. जेवताना माझं मौन, हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी मुद्दाम नेमके तेव्हाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. टर्बो बिघडला तर काय करशील, इंजिन तापलं तर पहिलं काय करशील. मी रताळं चावत हातानंच उत्तरं देत होते, मूठ पुढे, नाक खाली. मन्सूरभाई हसून हसून बेजार झाले. सर मात्र हसत नव्हते. मधूनमधून त्यांची नजर विमानाच्या नाकाकडे जात होती.

आम्ही उडालो. लाल मूठ पूर्ण पुढे, आतला गरम वारा बाहेर सोडणाऱ्या इंजिनाखालच्या झडपा उघड्या. पेट्रोलचा काटा हवा तिथे स्थिर. लळिंगचा किल्ला पंखाखालून मागे गेला. पाच हजार झाले, सात हजार झाले, माझा हात मांडीवर होता. तो उठू नये म्हणून मी अंगठा पेरांवर फिरवत मनात जप करत होते. सहाही पट्टे सरळ रांगेत उभे होते.

नऊ हजारांवर पाचव्या पट्ट्यानं मान वर काढली.

आधी वाटलं भास असेल. मग तो आणखी सरकला. बाकीचे पाच जिथल्या तिथे आणि हा एकटाच वर चाललेला. मी विमानाचं नाक जरा खाली केलं. वेग वाढला की वारा जास्त आत जातो. तो पट्टा थांबला, थोडा खालीही आला. पण चढण मंदावली, आणि थोड्या वेळानं तो पुन्हा सरकू लागला. तीनशे ऐंशी. पुढे तीनशे पंच्याऐंशी.

सर पाचव्या पट्ट्याकडेच पाहत होते. शेजारी खाकरणंही नव्हतं.

मी पेट्रोलचा काटा पुन्हा पाहिला. भरपूर होतं. पाचव्याच्याच वाट्याला पेट्रोल कमी येत असतं, तर त्याच्या धुराचं तापमानही बिघडलं असतं, ते तर इतरांसारखंच होतं. म्हणजे आतली आग ठीक होती. बाहेरून गार करणारा वाराच त्या एकाला पोचत नव्हता. ते इथे बसून मला दुरुस्त करता येण्यासारखं नव्हतं.

अकरा हजारांवर पाचव्यानं तीनशे नव्वद गाठले. अजून सहा हजार फूट राहिले होते. तसंच हळूहळू, नाक खाली ठेवून, पायरी पायरीनं चढत गेले असते तर कदाचित सतरा हजार गाठता आले असते, कदाचित चारशेच्या आतच. नाही गाठले तर हैदराबादचा माणूस परवा येणार, डाव्या खुर्चीत तो बसणार आणि मी पुढचा दसरा येईपर्यंत उजवीकडे. हे सगळं माझ्या मनात एकाच वेळी आलं. आणि तरी तोंडातून निघालं ते असं:

“इथून वर नाही, सर. परत जाऊ.”

“ऐकू आलं नाही.”

मी त्यांच्याकडे वळून मोठ्यानं म्हटलं, इतक्या मोठ्यानं मी घरात कधी कुणाला हाक मारली नव्हती. “इथून वर नाही. पाचव्याला वारा मिळत नाही. मी परत नेतेय.”

“ने,” ते म्हणाले. त्यांचा आवाज मात्र हळू आला.

मी विमान सपाट केलं, जोर थोडा थोडा कमी केला, एकदम नाही, कारण तापलेल्या धातूला एकदम गार वारा लागला तर तो तडकू शकतो. मूठ पुढेच ठेवली. पाचवा पट्टा खाली येऊ लागला. धावपट्टीवर उतरलो तेव्हा सहाही पट्टे पुन्हा रांगेत उभे होते, शाळेतल्या पोरांसारखे, काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं.

मन्सूरभाईंनी नाकावरचं झाकण उघडलं. भाजलेल्या पाल्याचा वास आला. त्यांनी पाचव्या सिलिंडरच्या खालच्या बाजूला, त्याच्या धातूच्या पापुद्र्यांत बोटं घातली आणि एक जुडी बाहेर काढली. आपट्याची पानं. काठांनी करपलेली, कुरकुरीत, पांढऱ्या दोऱ्यानं घट्ट बांधलेली.

त्यांनी ती माझ्यासमोर धरली. त्यांचा चेहरा पडला होता.

“बेटी,” ते म्हणाले, “तुला मी पाकळीसुद्धा राहू द्यायची नाही म्हणालो होतो.”

मी त्या दोऱ्याकडे पाहिलं. शर्टाची बटणं शिवतात तसला दोरा, आणि बांधलाही पुरुषी हातानं, वेढ्यावर वेढे घेऊन. मी विमानाला सोनं दिलंच नव्हतं. ते सांगावं म्हणून तोंड उघडलं, आणि मला सकाळचा तो खिडकीत गेलेला हात आठवला. मनगटापर्यंत गेलेला, चाचपणारा. मी तोंड मिटलं. सरांकडे पाहिलंही नाही. पंख्याच्या टोकावर कालचं कुंकू राहिलं होतं, त्याकडे पाहत राहिले. न बोलण्याची सवय असली की एक सोय असते, लोकांना त्यात विशेष काही वाटत नाही. पण मला माहीत होतं, ही गप्प राहण्याची वेळ लांबली, तर दोष माझ्या माथी आणि हंगाम गेला.

“तिला काय विचारतोस?” सर म्हणाले. त्यांनी टोपी काढली होती. “माझी आहेत ती.”

मन्सूरभाईंनी जुडी जवळ नेऊन पाहिली, मग सरांकडे पाहिलं, मग पुन्हा जुडीकडे.

“तुमची?”

“म्हणजे हिचीच. हिनं काल मला दिलेली. मी फक्त बांधली.”

मग ते तिथेच, विमानाच्या चाकापाशी, मन्सूरभाईंच्या हत्यारांच्या पेटीवर बसले आणि सांगू लागले. सांगताना पानाचा एकेक करपलेला काठ खुडत होते. विदर्भात कपाशीवर फवारणीची विमानं उडवायचे, तेव्हाची गोष्ट. त्यांच्या पत्नी कुमुदताई दसऱ्याला शेताकडेच्या धावपट्टीवर यायच्या. पहिलं सोनं विमानाला, मग नवऱ्याला, हा त्यांचा क्रम. ते विमान नाकाशी उघडंच असायचं, तिथल्या फळीवर त्या पानं ठेवायच्या, आणि सकाळी सर ती काढून टाकायचे, टाकताना दोन शब्द बोलूनही घ्यायचे. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी एकच मागणं मागितलं. मी असेन नसेन, दसऱ्याला विमानाला सोनं द्यायचं चुकवू नका.

“तीन वर्षं देतोय,” सर म्हणाले. “सगळे गेले की ठेवायचं, सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन काढायचं. आज ही सोवळेबाई माझ्याही आधी हजर. विमान बाहेर. हात घालून पाहिलं तर पानं नाहीत. वाटलं, ह्या मन्सूरनं टाकली असतील.”

विमान ढकलताना हिसक्यानं जुडी मागे घरंगळली असणार, मन्सूरभाई म्हणाले. तिथे बॅटरीचा उजेड पोचत नाही.

“विचारायचंत तरी,” ते पुढे म्हणाले.

“काय विचारू? माझा पाला कुठे गेला म्हणून? उभा जन्म तुमच्या आरत्यांना पाठ दाखवली मी.”

यावर मन्सूरभाईंनी सरांना जे सुनावलं ते त्यांच्या बावीस वर्षांच्या मैत्रीतच खपण्यासारखं होतं. विमानाला न सांगता कुणी काही चिकटवलं, तर त्याला पुढच्या वेळी पंख्याला बांधून फिरवीन, असा त्याचा साधारण अर्थ. सर मान खाली घालून ऐकत होते. शेवटी मन्सूरभाईंनाच हसू फुटलं, आणि मग आम्ही तिघंही हसत सुटलो. मी तोंडावर ओढणी धरून हसले. सरांच्या मिशीवर करपलेल्या पानाचा एक तुकडा लागला होता, तो त्यांना कुणी सांगितला नाही.

द्वादशीला पहाटे मी पारण्याचा शिरा करून नेला. सरांनी आधी डबा खाऊन पाहिला, मग विमान फिरून पाहिलं. या वेळी नाकातल्या दोन्ही खिडक्यांत तिघांनी आळीपाळीनं बॅटरी मारली. सतरा हजारांपर्यंत लाल मूठ पुढे होती, माझा हात मांडीवर होता आणि सहाही पट्टे पंगतीला बसल्यासारखे एका ओळीत. वर आकाश गर्द निळं, नाकात प्राणवायूची नळी, आणि खाली सातपुडा, पाटावर कुणी हातानं पीठ सारवावं तसा पसरलेला. सरांनी पट्ट्यांवरून एकदा नजर फिरवली.

“उद्यापासून डावी खुर्ची तुझी,” ते म्हणाले.

“ऐकू आलं नाही, सर,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच मला नावानं हाक मारून ते वाक्य पुन्हा म्हणाले, रेडिओवर जाईल एवढ्या मोठ्यानं.

खाली आल्यावर शिरा वाढताना ते बास बास म्हणू लागले. मी आणखी एक डाव वाढला. चढताना हात आखडायचा नसतो, एवढंच म्हटलं.

त्या हंगामाच्या शेवटी ते निवृत्त होऊन मुलीकडे नागपूरला गेले. जायच्या दिवशी मला बाजूला घेऊन त्यांनी शब्द मागितला. दसऱ्याला विमानाला सोनं देशील? आत नाही, बाहेर ठेवायचं. आणि कुणाला सांगायची गरज नाही. मी देईन म्हटलं.

पुढच्या दसऱ्याला आरती झाली, निर्माल्य भरलं, माणसं पांगली. मी हँगरच्या कोपऱ्यात आरतीची निरांजनं पुसत थांबले होते. पिशवीत आपट्याची जुडी होती. तिला मी हातभर लांब लाल फीत बांधली होती, उडण्याआधी जे काढायचं त्याला आमच्यात बांधतात तशी, म्हणजे कुणाच्याही डोळ्यांतून सुटणार नाही.

तेवढ्यात मन्सूरभाई मोरीतून बाहेर आले. कोपरापर्यंत साबणानं हात धुतलेले, अंगातला तेलकट डगला काढलेला, डोक्यावर स्वच्छ टोपी. त्यांनी मला पाहिलं नाही. हत्यारांच्या पेटीमागून त्यांनी हळूच एक आपट्याची जुडी काढली. तिला माझ्या फितीहूनही लांब, चांगली वावभर लाल फीत बांधलेली होती.

मी पाहतच राहिले. रणदिवे सर म्हणजे आकाशात नेहमी दोन-दोन सोयी ठेवणारा माणूस, एक चुकली तर दुसरी असावी म्हणून. त्यांनी दोघांकडून शब्द घेतला होता.

मन्सूरभाई इकडेतिकडे बघत, पाय न वाजवता विमानाकडे निघाले. मी निरांजन खाली ठेवलं, चपला काढल्या, पिशवीतली जुडी हातात घेतली, आणि त्यांच्या मागोमाग चालू लागले.